ऊन खिडकीतून उतरायच्या आत

४ जुलै

प्रिय आजी,

हे पत्र मी टाइप केलं आहे. तुला वाचून दाखवताना अक्षर सुबक आहे असं शिंपीणमावशी म्हणाल्या, तर ते माझं नाही, यंत्राचं आहे.

सातवीपासून आम्हाला तंत्रज्ञान हा विषय आहे. मॅडम म्हणतात, संगणक हे खेळणं नाही, अभ्यासाचं अवजार आहे. आधी बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं. दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, ते न बघता बोटांना सापडले पाहिजेत. मग फाइलला नाव कसं द्यायचं ते. 'नवीन', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं' अशी नावं चालत नाहीत. काम सारखं सेव्ह करत राहायचं, नाहीतर गेलं ते गेलं.

पहिलं गृहकार्य म्हणजे घरात न राहणाऱ्या मोठ्या माणसाला पत्र. टाइप करायचं, छापायचं आणि टपालानं पाठवायचं. सहामाहीपर्यंत हे चालू ठेवायचं आहे. शाळेकडे पुरेसे संगणक नाहीत, म्हणून ज्याचा त्यानं आणायचा. मी आईचा नेते. त्याच्या झाकणावर तिनं लावलेली चिकटपट्टी अजून तशीच आहे.

बाबा बरे आहेत. मीही बरी आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? नुसती बाटली बघून गुडघा बरा होत नाही.

उत्तर लगेच पाठव. मग मी पुढचं पत्र ऊन खिडकीतून उतरायच्या आत लिहिते.

तुझी टकळी

*

१२ जुलै

टकळे,

'प्रिय आजी' म्हणजे काय गं? मी काय विम्याची गिऱ्हाईक आहे? नुसतं 'आजी' म्हण, मी तेवढ्यानंही ओ देते.

पत्र खालच्या शिंपीणबाईनं वाचून दाखवलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धं पत्र मला टोचत टोचत ऐकावं लागलं. आता मी बोलतेय आणि ती लिहितेय. तिला बजावलंय, माझ्या बोलण्याला अस्तर लावायचं नाही. फाटकं असेल तर फाटकं जाऊ दे.

(शिंपीणबाईकडून: अस्तर लावलेलं नाही. फक्त दोन शिव्या उसवल्या आहेत.)

बघितलंस? मला वाचता येत नाही म्हणून ही माझ्या पत्रात घर करून राहणार.

तुझ्या मॅडमना सांग, बोटं न बघता चालायला हवीत यात नवल ते काय. शिंपीणबाई माझ्याशी भांडता भांडता काज करते. आणि खुणेचे उंचवटे आम्हालाही आहेत. जिन्याची शेवटची पायरी थोडी फुटकी आहे, अंधारात तिच्यावरच मला कळतं की घर आलं.

थट्टा पुरे. एक विचारते, खरं सांग. तेलाच्या बाटलीचं वाक्य तुझं नाही. तू मला कधी दटावत नाहीस, तुझी जीभ चालते ती गप्पांना. आणि 'ऊन खिडकीतून उतरायच्या आत' हे तर तुझं मुळीच नाही. एवढ्या मोठ्या जगात असं म्हणणारी एकच होती. दुकानात जाऊ दे, कामावर जाऊ दे, माझ्याकडे येऊ दे, माझी लेक घड्याळातली वेळ कधी सांगायचीच नाही. 'ऊन खिडकीतून उतरायच्या आत येते' म्हणायची.

शिंपीणबाईनं ते वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला चष्मा खाली पडला. चष्म्याचं काही झालं नाही. मला वाचायचं नसतंच, तो नुसता धरायला असतो.

तुझी आई हिवाळ्यात गेली, त्याला आता इतके दिवस झाले. तुझ्या पत्रात ती बोलतेय कशी?

आजी

*

१९ जुलै

आजी,

तुला ऐकूनच कळलं! बाबांनी पत्र दोनदा वाचलं, त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांना सांगू नकोस.

टाइप करताना खाली एक पट्टी येते. आपण एक शब्द लिहिला की ती पुढचा सुचवते, बोट लावलं की तो आपोआप लिहिला जातो. ज्यानं त्यावर जास्त लिहिलं असेल त्याची सवय तिला लागते. आईनं त्यावर किती वर्षं लिहिलं! दिवसभर कामाचे, डॉक्टरांचे अहवाल टाइप करायची, आणि बाहेर जाताना माझ्यासाठी चिठ्ठी. मी शाळेतून आले की ती स्क्रीनवर उघडी असायची. वाचली की मी बंद करायची, सेव्ह न करता. आईच म्हणायची, 'रोज ताजी देते, शिळी कशाला ठेवायची?' त्यामुळे एकही चिठ्ठी उरली नाही. मॅडम सेव्ह करायला सांगतात तेव्हा मी खाली बघते.

उरली ती फक्त ही सवय. तुझं पत्र लिहिताना मी 'गुडघा' लिहिलं आणि पुढे तेलाची बाटली आली. मी 'ऊन' लिहिलं आणि पुढचं सगळं आपोआप आलं. आणि 'दार' लिहिलं तर येतं, 'दार ओढून घे, कडी लावू नकोस, मी येतेच.'

ते बघितल्यापासून मी कडी लावत नाही. बाबा लावतात. ते आत गेले की मी काढते.

टकळी

*

२७ जुलै

टकळे,

आधी वाटलं तुला चांगली रागवावी. मग वाटलं, रागावून कोणाचं भलं झालंय?

मी भुताखेतांना घाबरत नाही. तुझ्या आजोबांबरोबर संसार केलाय, भुतं काय वेगळी असणार? पण शिंपीणबाईनं 'मी येतेच' वाचलं आणि मी दाराकडे बघितलं. तिनंही बघितलं, आता नाही म्हणतेय.

(शिंपीणबाईकडून: वारा होता.)

वारा म्हणे. मग पडदा का नाही हलला?

ऐक. त्या पट्टीला माझ्यासाठी एक विचार. 'आई' असं लिही. तू तिला आई म्हणायचीस, पण ती मलाही आईच म्हणायची. बघ पुढे काय येतं. जे येईल ते जसंच्या तसं पाठव, तुझ्या हातचं मीठ घालू नकोस. माझ्या जिवाला तेवढंच.

कडीचं मात्र बाबांना समजू देऊ नकोस. चोर आला तर त्याला सांग, आजी येतेय.

आजी

*

६ ऑगस्ट

आजी,

हे पत्र मी हातानं लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, मावशींना सांभाळून घ्यायला सांग.

मी 'आई' लिहिलं. मग माझा एकही शब्द घातला नाही, नुसती पट्टीवर बोट ठेवत गेले. हे आलं:

'आईला फोन करायचा राहिला उद्या नक्की करते आईला गुडघ्याचं विचारायचं आहे उद्या नक्की करते उद्या नक्की करते उद्या नक्की करते'

पुढे तेच तेच येत राहिलं. पान भरलं तरी थांबेना. मग मी झाकण लावलं.

पण आजी, त्याहून वाईट झालं आहे. वर्गात आम्ही पासवर्डवर भित्तिपत्रक केलं. मी लिहिलं, 'पासवर्ड म्हणजे घराचं दार. दार बंद ठेवा.' मॅडमना आवडलं, म्हणून ते प्रत्येक पानावर घातलं. काल घरी 'दार' लिहिलं, तर पुढे आलं 'बंद ठेवा'. आईचं 'ओढून घे' बाजूला सरकलं होतं. मग 'उद्या' लिहून बघितलं, तर आलं 'चाचणी आहे'.

म्हणजे मी लिहीन तो प्रत्येक शब्द तिला मागे ढकलतो. मी मॅडमना विचारलं, सुचवलेले शब्द दुसरीकडे जपून ठेवता येतात का? त्या म्हणाल्या, 'फाइल असेल तर तिची प्रत काढता येते. सवयीची प्रत कशी काढायची, ते मला तरी माहीत नाही.'

म्हणून आता मी त्यावर काही लिहिणार नाही.

टकळी

*

१५ ऑगस्ट

टकळे,

बरोबर केलंस. झाकून ठेव. शाळेला सांग, बोट दुखतंय. कोणतं ते विचारलं तर रोज वेगळं दाखव.

ते पान शिंपीणबाईकडून मी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. 'उद्या नक्की करते.' अगदी तीच. फोन कधी वेळेवर आला नाही, पण आला की माझा गुडघा पहिला आणि मी नंतर. काल दुपारी मी त्या फोनजवळच बसून राहिले. कशाला, ते विचारू नकोस.

शिंपीणबाईची मुद्रा बघ कशी झालीय. तिला काहीतरी बोलायचंय आणि ती बोलत नाही. तोंडात आज टाचण्याही नाहीत.

(शिंपीणबाईकडून: मला काही बोलायचं नाही. पोरीला लिहू द्यावं एवढंच.)

हे मी सांगितलेलं नाही, तिनं आपलं घातलंय. खोड म्हटलं तर खोडतही नाही.

आजी

*

३ सप्टेंबर

आजी,

सगळं बिघडलं. मी महिनाभर वर्गात हात बाकाखाली ठेवून बसते आहे. बोटाची गोष्ट मॅडमना पटली नाही. आता मला बोलायलाही नको वाटतं, कारण बोललं की लिहावंसं वाटतं. वर्गात मला कोणी टकळी म्हणत नाही आता.

सहामाहीचा प्रकल्प या महिन्याच्या शेवटी द्यायचा आहे. विषय, 'मी कोणाकडून काय शिकले'. नियम असा, की दुसऱ्याचे शब्द घेतले तर ते कोणाचे, हे खाली लिहायचं. माझं पान कोरं आहे. मॅडमनी बाबांना बोलावून घेतलं. बाबांना वाटलं, संगणक जुना झाला म्हणून मी काम करत नाही. ते म्हणाले, 'आईची वस्तू म्हणून ओढत बसू नकोस. महिनाअखेरीपर्यंत काम होत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे देतो, आतलं सगळं पुसून नव्यासारखा करून देईल.'

सगळं पुसून, आजी.

लिहिलं तर मी तिला पुसणार. नाही लिहिलं तर दुरुस्तीवाला पुसणार. तू बाबांना लिही ना, की त्याला हात लावू नका. तुझं ते ऐकतात.

टकळी

*

१० सप्टेंबर

टकळे,

तुझ्या बाबांना पत्र लिहायलाच बसले होते. चांगलं खमंग सांगायला घेतलं, 'जावईबापू, माझ्या लेकीला पुसायला निघालात काय?' तर शिंपीणबाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हे मी लिहिणार नाही."

मी म्हटलं, "तुला लिहायला बसवलंय, न्यायाला नाही."

ती म्हणाली, "आजी, मागे उशीचे अभ्रे शिवायला टाकलेत, तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणाले? लवकर दे म्हणाले असेन."

"लवकर दे नाही. 'ऊन खिडकीतून उतरायच्या आत दे' म्हणालात. त्याच्या आधी परकर टाकलात तेव्हाही. दूधवाल्याला तेच, खालच्या पोरांना जिन्यात खेळू देता तेव्हाही तेच. सगळी गल्ली त्यावरून तुमची नक्कल करते."

मी म्हटलं, खोटं. हे माझ्या लेकीचं आहे. तेवढ्यात दूधवाला आला. त्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "आजी, मी तुमच्याकडे घड्याळ बघून येतच नाही."

मग शिंपीणबाईवर चिडले. पहिल्या पत्रालाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्हाला लेक सापडल्यासारखं झालं होतं. माझ्या तोंडानं ते कसं हिरावू?"

टकळे, माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही बघ. जन्मभर बोलले आणि काय बोलले ते मलाच ठाऊक नाही.

रात्र गेली, सकाळी चहा पुढ्यात गार झाला, तेव्हा कुठे आठवलं. हे माझंही नाही. माझी आई धुलाईच्या कारखान्यात जायची. घड्याळ नव्हतं आमच्याकडे, असतं तरी मला कळलं नसतं. ती मला खिडकीच्या कट्ट्यावर बसवायची. कट्ट्यावर ऊन असायचं. म्हणायची, 'हे ऊन खिडकीतून उतरायच्या आत येते. दार ओढून घे, कडी लावू नकोस, तुझा हात पोचत नाही.' मी उन्हावर नजर ठेवून बसायची. ते कडेला यायचं, भिंतीवर ओघळायचं, जमिनीवर पडायच्या आत तिची पावलं वाजायची. रोज यायची.

एकदा नाही आली. त्या दिवशीचं ऊन जमिनीवर उतरलं, दाराखालून निघून गेलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही. पण तोंडातून तिचं बोलणं गेलं नाही. माझ्या नकळत ते माझ्या लेकीनं उचललं, आणि तिच्याकडून त्या यंत्रानं. आईनं लिहिलेलं 'दार ओढून घे' तू वाचलंस ना? ते बोलणारी बाई तुझी आई जन्मायच्या कितीतरी आधी गेली. ना फाइल, ना प्रत.

मग तुझ्या भित्तिपत्रकानं ते कसं पुसलं जाईल? आणि दुरुस्तीवाला कोण लागून गेला?

आता नीट ऐक. मी तुला झाकून ठेव म्हटलं, कारण मला माझी लेक हवी होती. पण ती पट्टी 'उद्या नक्की करते' यापुढे जात नाही. तिच्याकडे उद्या नाहीच गं. तो तुझ्याकडे आहे. आणि मला तुझी बडबड हवी. माझी टकळी मुकी झालेली मला चालायची नाही.

लिही. सगळं लिही, शाळेचं, मैत्रिणींचं, माझ्या चहाड्या. आणि घरी गेल्यावर कडी लाव. माझा हात पोचत नव्हता म्हणून ती उघडी असायची. तुझा पोचतो. ज्यांना यायचं ते कधीच आत आलेले असतात.

बाबांना तूच सांग. पट्टीचं, कडीचं, सगळं. तो माणूस वाईट नाही, फक्त त्याला वाचून दाखवावं लागतं.

आजी

(शिंपीणबाईकडून: आज काही उसवलं नाही.)

*

२९ सप्टेंबर

आजी,

हे टाइप केलेलं आहे.

बाबांना सांगितलं. मी 'दार' लिहिलं, आता तिसऱ्या जागेवर सरकलेल्या 'ओढून घे'वर बोट ठेवलं आणि पुढचं उमटत गेलं. बाबा खुर्चीवर बसले. म्हणाले, 'कडी तू काढायचीस होय? मला वाटायचं, मीच लावायला विसरतो. मला कधी कधी बरंही वाटायचं.' मग आम्ही दोघांनी मिळून तुझं पत्र पुन्हा वाचलं. दुरुस्तीवाल्याकडे संगणक जाणार नाही.

प्रकल्प दिला. फाइलचं नाव फक्त 'शिकले' ठेवलं. पट्टी बंद करून लिहिलं, त्यामुळे खूप वेळ लागला आणि खूप चुका झाल्या. खिडकीचं वाक्य घेतलं, आणि नियमाप्रमाणे खाली लिहिलं, 'हे शब्द माझ्या पणजीचे. तिच्याकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे.' मॅडम म्हणाल्या, 'स्रोत तपासून बघितलास का?' मी म्हटलं, 'दूधवाल्यानं साक्ष दिली आहे.' सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरची म्हणाली, 'टकळी सुरू झाली!'

आता एक सांगते, त्यावर थट्टा करू नकोस. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी आधी कडी लावली. मग संगणक उघडला आणि बघावं म्हणून 'कडी' एवढंच लिहिलं. इतके दिवस पुढे 'लावू नकोस' यायचं. त्या दिवशी पट्टीवर एकच शब्द होता, 'लाव'.

मी तो कधी टाइप केला नव्हता, आजी. बाबा त्या यंत्राला हातही लावत नाहीत. तुझं पत्र तर वाचून पुन्हा पाकिटात ठेवलं होतं, मेजावर, त्याच्या शेजारी. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, 'अंदाजच तो, चुकतो कधी कधी.' दुसऱ्या दिवशी लिहून बघितलं, तर पुन्हा 'लावू नकोस' आलं.

ते काय होतं?

ऊन आमच्या टेबलावरून कधीच खाली गेलं. मी मात्र अजून इथेच बसून लिहिते आहे, आणि उठावंसं वाटत नाही.

टकळी

*

७ ऑक्टोबर

टकळे,

पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं, कान लावून. तेलाची बाटली नाही, दटावणी नाही. शेवटचं ते उन्हाचं वाक्य ना माझं, ना माझ्या लेकीचं, ना माझ्या आईचं. आमच्यातली कुणीच ऊन गेल्यावर आपल्या मर्जीनं बसून राहिली नव्हती. म्हणजे ते तुझं. जप. सेव्ह काय करतात ते कर.

'लाव' कसं आलं ते विचारतेस. तुझ्या मॅडमना कळत नाही तिथे मी अंगठेबहाद्दर काय सांगणार? शिंपीणबाई म्हणते, वारा होता.

पण मी इथे बसून मोठ्यानं सांगितलं होतं, कडी लाव. माझा आवाज तुला माहीत आहेच, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. ऐकू गेला असेल कुणाला. लहानपणापासून कानीकपाळी ओरडले, एक गोष्ट ऐकली नाही माझ्या लेकीनं. आता आयुष्य संपल्यावर, पहिल्यांदाच, आईचं ऐकलं.

गुडघ्याला तेल लावलं. तिला कळव.

आजी